काजूचे तेल, बिब्बा आणि त्वचेची स्मरणशक्ती



फाल्गुन सरू लागला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील डोंगरउतारांवर काजूचा हंगाम सुरू होतो. इब्रामपूर, हसापूर, चांदेल, तोरसे या पेडण्याच्या गावांपासून साळ, मेणकुरे, लाटंबार्से, मुळगाव या डिचोलीच्या गावांपर्यंत माणसे भल्या पहाटे बोंडू वेचण्यासाठी बाहेर पडतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड गोव्याच्या मातीत असे रुजले की ते परके होते हेही लोक विसरून गेले. बोंडूच्या रसापासून हुर्राक आणि फेणी होते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. बोंडूपासून वेगळी केलेली बी वाळवून विकली जाते आणि पुढे कारखान्यात किंवा घरच्या अंगणात भाजून, फोडून तिचा गर काढला जातो. अनेक कुटुंबांचा वर्षाचा मेळ या दोन-अडीच महिन्यांच्या कमाईवर बसतो.

या कमाईची एक किंमत मात्र हाताच्या त्वचेला मोजावी लागते. बिया फोडणाऱ्या स्त्रियांची बोटे काळी पडतात, सोलतात, भेगाळतात, ही नित्याची गोष्ट होय. तथापि काहींच्या बाबतीत प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. मनगटापर्यंत लाली चढते, असह्य खाज सुटते, पाण्याने भरलेले बारीक फोड उठतात आणि ते फुटून पाझरू लागतात. कधी पापण्या सुजून डोळे मिटतात. मग कोणी त्यास खरूज म्हणतो, कोणी अंगातील उष्णता म्हणतो, कोणी रक्त बिघडले म्हणतो. घरात तिचे ताटवाटी वेगळे होते आणि ती पोराला जवळ घेण्यास कचरते. नगावर मजुरी असल्यामुळे हात थांबला की मजुरीही थांबते. या विकाराचे खरे स्वरूप काय, तो कोणाला होतो, का होतो आणि टाळता कसा येतो, हे समजून घेणे म्हणूनच केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. काजूवर जगणाऱ्या प्रत्येक गावाचा तो प्रश्न आहे.

प्रथम बीची रचना पाहू. काजूच्या बीचे टरफल वरून एकसंध दिसले, तरी आतून ते मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र असते. त्या छिद्रांत दाट, तपकिरी, झोंबणारे तेल भरलेले असते. त्यात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल, कार्डॉल आणि कार्डानॉल ही द्रव्ये असतात. भाजताना उष्णतेने ॲनाकार्डिक आम्लाचे बरेचसे रूपांतर कार्डानॉलमध्ये होते. रंग, रोगण आणि मोटारींच्या ब्रेकचे अस्तर यांसाठी हे तेल मोलाचे आहे. झाडाच्या दृष्टीने मात्र ते गराच्या रक्षणार्थ ठेवलेले शस्त्र होय. वाफवलेल्या बियांत तेल टरफलातच राहते आणि फोडताना ते थेट बोटांवर येते. अंगणात बी भाजताना त्याचे सूक्ष्म थेंब धुरावाटे तोंडावर आणि डोळ्यांवर बसतात.

या तेलापासून होणारी इजा दोन प्रकारची आहे, आणि हा भेद नीट ध्यानात धरला पाहिजे. पहिली इजा दाहक होय. तेल पुरेसे लागले तर ते कोणाचीही त्वचा जाळते. त्यात माणसामाणसांत फारसा फरक होत नाही आणि इजा तेल लागलेल्या जागेपुरती राहते. दुसरी इजा अधिहृषतेची, म्हणजे ज्यास आपण ॲलर्जी म्हणतो तिची होय. ती सर्वांना होत नाही. ज्यास होते त्यास तेलाचा नुसता ओझरता स्पर्शही पुरतो आणि फोड स्पर्शानंतर लगेच न उठता एक-दोन दिवसांनी उठतात. कामगारविषयक कायद्यातील सूचित व्यावसायिक रोगांच्या यादीत संपर्कजन्य त्वचाशोथाचा समावेश आहे. त्या यादीतही दाहक द्रव्ये आणि अधिहृषता निर्माण करणारी द्रव्ये असे दोन प्रकार वेगळे सांगितले आहेत.

आपल्या पूर्वजांनी हा दुसरा प्रकार बिब्ब्याच्या निमित्ताने केव्हाच ओळखला होता. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच आम्रकुलातील आहेत. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देण्याची रीत जुनी आहे. दहा जणांना त्याचे काही होत नाही आणि अकराव्याचे सर्वांग सुजते. मराठीत त्यास ‘बिब्बा उतला’ असे म्हणतात. एकाला उततो आणि दुसऱ्याला का उतत नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली.

‘ॲलर्जी’ हा शब्दच मुळी १९०६ सालचा. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो बनवला. शरीराची प्रतिक्रिया बदलणे, असा त्यांचा आशय होता. त्याआधी १८९५ साली योझेफ याडासोन यांनी एक उपयुक्त गोष्ट दाखवून दिली होती. पाऱ्याच्या औषधाने ज्यांना पुरळ उठते, त्यांच्या निरोगी त्वचेवर त्याच द्रव्याची पट्टी लावली तर त्या जागीही तसाच दाह उत्पन्न होतो. आजची पट्टीपरीक्षा ती हीच. पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या दोन दिवस ठेवून, त्या काढल्यावर आणि पुन्हा दोन-तीन दिवसांनी त्वचा तपासली जाते.

तथापि खरा उलगडा झाला तो दोन प्रयोगांच्या तुलनेतून. १९२१ साली जर्मनीत कार्ल प्राउस्निट्झ यांनी आपले सहकारी हाइन्ट्स क्यूस्टनर यांच्या रक्ताचा रस आपल्या त्वचेत टोचून घेतला. क्यूस्टनर यांना मासे खाल्ले की त्रास होत असे. त्यानंतर प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत त्याच जागी माशाचा अर्क सोडताच गांध उठली. म्हणजे ती ॲलर्जी रक्तरसातून वाहून नेता आली. १९४२ साली कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी गिनीपिगवर प्रयोग केले, तेव्हा रसायनाच्या स्पर्शाने होणाऱ्या ॲलर्जीचे वेगळेच रूप दिसले. ती एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे गेली ती रक्तरसातून नव्हे, तर जिवंत पेशींतून. यावरून स्पष्ट झाले की ॲलर्जी हे एकच नाव असले तरी त्यामागे निदान दोन वेगळ्या यंत्रणा आहेत.

काजू हे या दोन्ही यंत्रणांचे बोलके उदाहरण आहे. काजूचा गर खाल्ल्यावर काही मिनिटांत कोणाच्या ओठांना सूज येते, अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वास कोंडतो. ही पहिली, तत्काळ प्रकारची ॲलर्जी होय. तिच्यात गरातील प्रथिने आणि रक्तातील ‘इ’ वर्गाची प्रतिपिंडे यांचा संबंध असतो. ही प्रतिपिंडे १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. ती त्वचेतील मास्ट पेशींवर बसून राहतात आणि ओळखीचे प्रथिन येताच त्या पेशी हिस्टामीन सोडतात. अशा व्यक्तीचा श्वास कोंडल्यास क्षणाचाही विलंब न लावता तिला रुग्णालयात न्यावे. टरफलाच्या तेलाने होणारा त्वचाशोथ दुसऱ्या, विलंबित प्रकारचा असतो. तो प्राणावर क्वचितच बेततो, परंतु रोजीरोटीवर मात्र हमखास बेततो.

या विलंबित प्रकारात त्वचेत काय घडते ते आता क्रमाने पाहू. तेलातील द्रव्यांचे रेणू फार लहान आणि स्निग्ध असतात. त्यामुळे त्वचेचा वरचा शृंगमय थर ओलांडून ते सहज आत शिरतात. एवढ्या लहान रेणूकडे शरीराच्या रक्षक पेशी एरवी लक्षही देत नाहीत. परंतु तेथे त्यांचे रासायनिक परिवर्तन होऊन ते त्वचेच्या प्रथिनांना चिकटतात. आपल्याच घरच्या माणसाने परका अंगरखा घालावा आणि राखणदाराने त्यास ओळखू नये, तसे ते प्रथिन परके दिसू लागते. तेलामुळे चिडलेल्या त्वचापेशी त्याच वेळी धोक्याचे रासायनिक संदेशही सोडतात.

त्वचेच्या वरच्या थरात झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरलेल्या काही पेशी असतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्या प्रथम पाहिल्या आणि त्यांना मज्जापेशी समजले. त्यांचे खरे कार्य उमगण्यास सुमारे शंभर वर्षे जावी लागली. १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांनी अशाच शाखायुक्त पेशींचे वर्णन केले. त्या कार्याबद्दल स्टाइनमन यांना २०११ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. या पेशी म्हणजे त्वचेचे पहारेकरी होत. परके दिसणारे प्रथिन त्या गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि त्वचा सोडून लसीकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीकडे निघतात. हाताला तेल लागले असेल तर त्यांचा मुक्काम काखेतील ग्रंथीत पडतो.

त्या ग्रंथीत ‘टी’ लसीकापेशींची दाटी असते. छातीतील थायमस ग्रंथीत त्या तयार होतात, म्हणून त्यांस ‘टी’ म्हणतात. प्रत्येक टी पेशीला एकच ठरावीक खूण ओळखता येते. पहारेकरी पेशीने आणलेला तुकडा ज्या टी पेशीच्या खुणेशी जुळतो, ती वाढू लागते आणि एकीच्या हजारो होतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आणखी एक मार्ग दिसला. लांगरहान्स पेशींवरील सीडी-१ए नावाचे प्रथिन या कुलातील वनस्पतींची स्निग्ध द्रव्ये थेट टी पेशींपुढे मांडू शकते, असे मानवी प्रथिन घातलेल्या उंदरांवरील प्रयोगांत आढळले. या साऱ्या तयारीस साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात आणि त्या काळात बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणूनच पहिल्यांदा बिया फोडणाऱ्या मुलीला प्रारंभी काही होत नाही आणि ‘मला काजू बाधत नाही’ असे ती समजते.

पुढे पुन्हा स्पर्श होतो तेव्हा चित्र पालटते. तयार झालेल्या टी पेशींपैकी काही रक्तातून फिरत असतात आणि काही त्वचेतच कायमचे ठाण मांडून बसलेल्या असतात. ओळखीची खूण दिसताच त्या संदेशद्रव्ये सोडतात. त्यांत इंटरफेरॉन-गामा हे प्रमुख होय. केशवाहिन्या सैल होतात, आणखी पेशी धावून येतात आणि काही टी पेशी त्या द्रव्याने माखलेल्या त्वचापेशींना ठार करतात. त्वचापेशींमध्ये द्रव साचून त्या एकमेकींपासून सुटतात, आणि तेच बाहेरून फोड म्हणून दिसते. ही जमवाजमव होण्यास एक ते तीन दिवस जातात. सोमवारी लागलेल्या तेलाचा फोड बुधवारी उठतो आणि दोष मात्र मंगळवारच्या जेवणातील माशावर येतो.

या विवेचनातून गावाला उपयोगी पडणारी पहिली गोष्ट अशी की हा विकार सांसर्गिक नाही. फोडातील पाणी म्हणजे शरीराचाच द्रव असतो. त्यात काजूचे तेल नसते आणि जंतूही नसतात, जखम पुढे चिघळली तर गोष्ट वेगळी. ते पाणी लागून घरातल्या कोणालाही हा रोग होत नाही. नवे फोड मागाहून उठताना दिसतात याचे कारण असे की कमी तेल लागलेल्या जागी प्रतिक्रिया उशिरा होते. मात्र नखांखाली, पदराला, विळीच्या मुठीला किंवा पोत्याला राहिलेले तेल दुसऱ्याला बाधू शकते. म्हणून वेगळे काढायचे ते कामाचे कपडे आणि अवजारे. माणसाला वेगळे काढण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अशी की टी पेशींची स्मृती दीर्घ असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तद्वत फोड बरे झाले, त्वचा गुळगुळीत झाली, तरी ओळख राहते, बहुधा आयुष्यभर. आणि ती ओळख एका झाडापुरती राहत नाही. काजू, बिब्बा आणि आंब्याची साल यांतील द्रव्ये रचनेने एकमेकांची भावंडे असल्यामुळे एकाची ओळख झालेल्यास दुसऱ्याने उतू शकते. आंबा खाल्ल्यावर ज्यांच्या ओठांभोवती पुरळ येते, त्यांना पुष्कळदा गराचा नव्हे तर सालीचा आणि देठाच्या चिकाचा त्रास असतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर विचित्र फोड उठू लागले. धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने केलेल्या खुणा हे त्याचे कारण निघाले आणि १९४३ साली त्याची वैद्यकीय नोंद झाली. त्यांच्या मायदेशी याच कुलातील एक विषारी वेल सर्वत्र वाढते. १९८२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात मोझांबिकहून आलेले काजू खाऊन ५४ जणांना असाच त्वचाशोथ झाला. त्या मालात टरफलाचे तुकडे राहिले होते. काजूगर निवडताना टरफलाचा कण राहू न देणे ही केवळ मालाच्या प्रतीची बाब नाही, हे यावरून ध्यानात यावे.

मग सर्वांनाच हा विकार का होत नाही? प्रतिकार करणाऱ्या टी पेशींबरोबर त्यांना आवर घालणाऱ्या टी पेशीही शरीरात असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्यांचे अस्तित्व दाखवले. अमेरिकेतील मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली त्यांच्याशी संबंधित जनुक उजेडात आणले. त्या जनुकात जन्मतः दोष असलेल्या बालकांना इतर विकारांबरोबर तीव्र इसबही होतो. या तिघांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. चेतवणाऱ्या आणि शमवणाऱ्या पेशींचा तोल, आनुवंशिकता, त्वचेचा धडधाकटपणा आणि लागलेल्या तेलाचे प्रमाण, यांवर कोणाला उतेल हे अवलंबून असते. यांपैकी पहिल्या दोन बाबी आपल्या हाती नाहीत. शेवटच्या दोन मात्र निश्चितच आहेत, आणि प्रतिबंधाचा सारा भर त्यांवरच असला पाहिजे.

अशा संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९५०-६० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात गाजरगवत ही परदेशी वनस्पती प्रथम नोंदली गेली. पुढे पापण्या, मान आणि कोपराच्या खळग्यांत इसब झालेले रुग्ण पुण्यात मोठ्या संख्येने दिसू लागले. त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अरविंद लोणकर यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली त्याचा संबंध या गवताशी असल्याचे प्रसिद्ध केले. त्यातील पार्थेनिन हे द्रव्यही वर सांगितलेल्या मार्गानेच टी पेशींना चेतवते. या गवताचे सूक्ष्म कण वाऱ्याने उडतात, इतकाच फरक. रस्त्याकडेला किंवा शाळेच्या आवारात हे गवत दिसल्यास फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. मुलांकडून ते उपटून घेऊ नये.

आता प्रतिबंधाचे नियम. बिया फोडताना आत सुती आणि वर जाड रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. फाटलेला मोजा तेल आत कोंडून ठेवतो, म्हणून तो लगेच बदलावा. मोज्याने बोटांची चपळाई कमी होते आणि नगावरची मजुरी घटते, ही कामगार स्त्रियांची तक्रार खरी आहे. ती ध्यानी घेऊनच मजुरीचे दर ठरवणे हे कारखानदाराचे कर्तव्य ठरते. उघड्या हाताने काम करणे भाग पडल्यास आधी खोबरेल किंवा एरंडेल लावावे. राख आणि चुना टाळावा, कारण त्याने त्वचेचा वरचा थर झिजतो आणि तेलाला वाट मिळते. तेल लागताच पहिल्या दहा मिनिटांत साबणाने, भरपूर पाण्याने हात धुवावेत, नखेही घासावीत. कामाच्या जागेपासून चार पावलांवर पाणी असणे हा म्हणून सोयीचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. अंगणात बी भाजताना वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नये आणि लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये.

फोड उठल्यावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, खाजवू नये आणि आरोग्य केंद्रात दाखवावे. गांधींवर चालणारी हिस्टामीनरोधक गोळी येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण हा खेळ हिस्टामीनचा नसून टी पेशींचा आहे. त्या पेशींना शांत करणारे स्टेरॉइडचे मलम डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस लावावे. दुकानातून परस्पर आणलेले मिश्र मलम महिनोन्‌महिने चोळल्याने त्वचा पातळ होते, नायटा असल्यास तो दबून पसरतो. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीवाचून विक्री बंद केली ती याच कारणास्तव. वारंवार त्रास होत असल्यास बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागात सल्ला घ्यावा. आणि एखाद्या स्त्रीस काजूचे तेल उतते असे ठरले, तर तिला फोडण्याऐवजी, तेलाशी संबंध न येणारे पुड्या बांधणे किंवा वजन करणे असे काम देता येते. तिला कामावरून काढून टाकणे हा उपाय नव्हे.

शिक्षकांनी हंगामापूर्वी वर्गात या विषयाचा एक तास घ्यावा. घरोघरी बिया भाजल्या जातात, आणि आईच्या हातांकडे मुलाचे लक्ष सर्वांआधी जाते. ग्रामपंचायतींनी बिया फोडण्याच्या ठिकाणी पाणी, साबण आणि हातमोजे आहेत की नाहीत याची विचारपूस करावी. आरोग्यसेविकांनी हाताच्या फोडांबद्दल विचारताना ‘काय लागले?’ एवढेच न विचारता ‘दोन-तीन दिवसांपूर्वी कोणते काम केले?’ असे विचारावे. त्या एका प्रश्नाने पुष्कळ निदाने अचूक होतील, आणि केवळ गैरसमजापोटी वेगळी काढलेली एखाद्या आईची ताटवाटी पुन्हा सर्वांच्या पंक्तीत येईल.